सात नंबरची खाट

“तासाभराचाच प्रश्न आहे, जानकीबाई. व्हरांड्यात गादी घालून देते. त्यांचं आटोपलं की परत इथेच.”

नर्स कुंदा हे तिसऱ्यांदा सांगत होती. जानकी उशीला टेकून बसली होती. बांधकामावर विटा वाहताना पडून तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं. कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर होतं.

“समोरच्या खाटेवरची रत्नप्रभा पण तासाभरासाठीच गेलेली,” जानकी म्हणाली. “आज आठ दिस झाले, अजून व्हरांड्यातच आसा. मी हयसून हलूचंय नाय.”

खाटेच्या डोक्याशी भिंतीत संगमरवरी पाटी होती. ‘कै. सौ. रुक्मिणीबाई यांच्या स्मरणार्थ, सन १९५२.’ त्यांचा मुलगा विद्याधरपंत मुलुंडला वकील. खाट त्यांनी इस्पितळाला दिलेली. रुक्मिणीबाई सवाष्ण गेल्या, म्हणून दर अविधवा नवमीला त्यांची सून सुहासिनीबाई येऊन त्या खाटेवरच्या बाईची ओटी भरत असे. मागची दोन वर्षं खाटेवर सवाष्ण होती. यंदा जानकी होती, आणि तिचा काशीराम जाऊन सहा वर्षं झाली होती.

“मग हिच्या जागी कोण निजणार, सिस्टर?” शेजारच्या खाटेवरून मालनने विचारलं.

“तू.”

मालनला हसू आलं आणि पोटावरचे टाके दुखले. “मी? अहो, माझा दत्ताराम बोटीवर खलाशी म्हणून गेला त्याला चार वर्षं झाली. कागद नाही, पत्र नाही. तो आहे की नाही ते मलाच ठाऊक नाही, आणि तुम्ही मला सवाष्ण ठरवून मोकळ्या?”

“कपाळाला कुंकू आहे ना तुझ्या?”

“आहे. सवयीचं आहे.”

“थट्टा पुरे. वॉर्डाचं दूध त्यांच्याकडून येतं, विसरू नकोस.”

रोज सकाळी प्रत्येक खाटेला पावशेर दूध मिळे, ते सुहासिनीबाईंच्या मंडळाकडून. ऑपरेशन झाल्यापासून मालनच्या पोटात दुधाशिवाय काही टिकत नव्हतं.

तेवढ्यात सुहासिनीबाई आल्याच. हातात तबक, त्यात खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. सात नंबरपाशी त्या थांबल्या. जानकीचं मोकळं कपाळ आणि ओकेबोके हात त्यांनी पाहिले.

“सिस्टर, मी कळवलं होतं ना?”

“कळवलं होतंत. त्या हलायला तयार नाहीत.”

सुहासिनीबाई जानकीकडे वळल्या. आवाज मऊच होता. “हे बघा, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. सासूबाईंसाठी करायचं असतं, रीत आहे. तुम्हाला मी वेगळं लुगडं देईन.”

“माका लुगडा नको. ओटी पण नको. जिची भरूची तिची भरा. खाट सोडूचंय नाय.”

“ही खाट माझ्या सासूबाईंच्या नावाची आहे.”

“त्येंका निजूक व्हयी काय?”

पलीकडच्या टोकाला कोणीतरी फिसकन हसलं. सुहासिनीबाईंचा चेहरा लाल झाला.

“मला आता घरी यांना सांगावं लागेल. इथली माणसं अशी उलटून बोलणार असतील, तर दूध तरी कशाला चालू ठेवायचं?”

साऱ्याजणी मालनकडे बघू लागल्या.

“बंद करा, बाई,” मालन म्हणाली. “दुधासाठी हिला उचलून बाहेर टाकायची, तर ते दूधही टिकायचं नाही माझ्या पोटात.”

सुहासिनीबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या वॉर्डाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. “ठीक आहे. तुमच्यातली कोणीही सवाष्ण तासभर त्या खाटेवर यायला तयार असेल, तर तिने सांगावं. दोन आया मी बाहेरून बोलावते, या बाईंना त्या अलगद हलवतील. जी येईल तिला नारळ, लुगडं, आणि ती घरी जाईपर्यंत दुप्पट दूध.”

मग त्या स्वतःच एकेका खाटेवर कुंकू शोधू लागल्या.

दाराजवळच्या जयंतीने पदर भुवयांपर्यंत ओढला. तिच्या शेजारणीने तिच्याकडे पाहिलं आणि आपलाही ओढला. मग पुढचीने. एक म्हातारी ऐकू न आल्यामुळे नुसतीच बघत होती. तिला कोणीतरी खूण केली, तसा तिनेही ओढला. मालनला टाक्यांमुळे हात वर नेता येईना. ती हळूहळू खाली सरकली आणि डोक्यासकट चादरीखाली गेली. सुहासिनीबाई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आल्या. जानकीचं सोडून एकही कपाळ दिसेना.

“सिस्टर,” त्या म्हणाल्या. आता आवाज मऊ नव्हता. “केसपेपर तुमच्याकडे आहेत. तुम्हीच सांगा, यांच्यात सवाष्णी किती आहेत?”

कुंदाने टेबलावरचे केसपेपर उचलले, नीट एकावर एक रचले आणि खणात ठेवून दिले.

“इथे चौदा पेशंट आहेत, बाई,” ती म्हणाली. मग तिने थर्मामीटर झटकला आणि सात नंबरच्या खाटेपासून ताप बघायला सुरुवात केली.