पुसण्याआधी

"कागदपत्रं नवऱ्याकडे राहिली असतील तर राहू द्या," अधिकारी बाई म्हणाल्या. "कायद्यात सोय आहे. काही प्रश्न विचारते. उत्तरं जुळली की झालं."

समोरच्या बाईने शाळा सांगितली, लाडाचं नाव सांगितलं, गुडघ्याला टाके कशाने पडले तेही सांगितलं. जुन्या फोटोशी चेहराही बराचसा जुळला.

"माझी एकूण एक माहिती पुसून टाका," ती म्हणाली. "नवऱ्याने शोधून काढलं तर तो जिवंत सोडायचा नाही."

अधिकारी बाईंचा जीव कळवळला. असल्या नवऱ्यांना फोडून काढलं पाहिजे, दुसरं काय!

"आता कुणाच्या बापाला सापडणार नाही. फक्त पुसण्याआधी सगळं तुम्हाला दाखवावं लागतं. तो तुमचा हक्कच आहे."

त्यांनी बटण दाबलं आणि भिंतभर पडदा उजळला.

अगंबाई! काय नव्हतं त्यावर? फोन जिथे जिथे गेला तिथे तिथे ठिपका, असे हजारो ठिपके. ऐकलेली गाणी, शोधलेली औषधं, लिहून न पाठवलेले निरोप. अख्खं आयुष्य भिंतीवर लुकलुकत होतं. रोज हेच बघणाऱ्या अधिकारी बाईंच्या अंगावर आजही काटा आला. ती बाई तर तोंडावर हात ठेवून उभीच राहिली.

"माणूस एवढं जगतं?" ती पुटपुटली.

मध्येच एक फोटो आला. गळ्यात गळा घातलेल्या दोन मुली.

"यातल्या तुम्ही कुठल्या?"

ती क्षणभर बघत राहिली. "ही धाकटी. दुसरी ताई. कडेवर घेऊन गल्लीभर फिरवायची."

तिचे डोळे भरून आले. अधिकारी बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"आणि हा शेवटचा ठिपका. सध्या इथेच राहता ना?"

"चष्मा विसरलेय बघा. जरा वाचता?"

"बेकरीमागची गल्ली, पिवळी इमारत, तिसरा मजला."

"हो, तिथेच."

"मग पुसू?"

"पुसा."

ठिपके विझत गेले. गल्ल्या गेल्या, गावंच्या गावं गेली, भिंत कोरी झाली. दोघी श्वास रोखून बघत होत्या.

"आता निर्धास्त राहा," तिचा हात हातात घेत अधिकारी बाई म्हणाल्या. कायदा असावा तर असा, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

बाई जिना उतरून रस्त्यावर आली. कोपऱ्यावरच्या गाडीत एक माणूस वाट बघत होता. ती त्याच्या शेजारी बसली आणि तिने दार ओढून घेतलं.

"चला जावईबापू," ती म्हणाली. "आमच्या धाकटीचा पत्ता मिळाला."