काबरीचं अंडं

स्टॅनीला पुढ्यात ठेवलेली मिठाची बरणी सापडायची नाही, पण आभाळातला पक्षी बरोबर सापडायचा. क्लेमेंटीनचं डोकं फिरायचं ते यावरून.

रिटायर झाल्यापासून तिचा हा नवरा मागच्या दारी खुर्ची टाकून बसायचा. गळ्यात दुर्बीण. ती ज्युलीने, त्यांच्या लेकीने, पाठवलेली. केळींना पाणी गेलं की नाही, नारळ काढायला माणूस आला की नाही, त्याला कशाचा पत्ता नसायचा. थंडी सरत आली होती, पाहुणे पक्षी परतीला लागले होते, आणि याला म्हणे त्यांना निरोप द्यायचा होता.

"कामाचं तेवढं दिसत नाही तुला," क्लेमेंटीन म्हणायची.

"घारीची नजर आहे माझी. चर्चच्या हॉलात शिबिर झालं तेव्हा डोळ्यांचे डॉक्टरच म्हणाले."

त्याच्या पायाशी काबरी बसलेली असायची. खुराड्यातली सगळ्यात म्हातारी कोंबडी. एके काळी दुधाच्या चहाच्या रंगाची, मुठीएवढी अंडी घालायची. नाताळानंतर एकही घातलं नव्हतं. खायची आणि मान वाकडी करून वर बघत बसायची.

"रिकामटेकडं एक पोसते तेवढं पुरे झालं मला," क्लेमेंटीनने जाहीर केलं. "राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत उपास. आदल्या मंगळवारी काबरीचं कालवण."

स्टॅनीच्या हातातली दुर्बीण खाली आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुराड्यात अंडं होतं.

"बघ!" स्टॅनी ते नाचवत आला. "थंडीने अडली होती बिचारी."

क्लेमेंटीनने अंडं खिडकीशी नेलं, उजेडात धरलं, इकडून तिकडून फिरवलं. मग पदर तोंडाला लावला. "देवाची करणी," ती म्हणाली, आणि सुरी घेऊन पाट्यावर घासायला बसली.

"अगं, आता घालतेय ना ती!"

"घालू दे की. धार असलेली बरी."

मग रोज एक अंडं यायला लागलं. आणि ज्या माणसाला पाव आणायला चारदा हाकलावं लागायचं, तो उजाडायच्या आत पिशवी घेऊन नाक्यावर पळायला लागला. क्लेमेंटीन रोज म्हणायची, देवाची करणी. रोज सुरी घासायची. स्टॅनीचा चहा घशात अडकायचा आणि तिला आपला चहा फार गोड लागायचा.

पण एकदा खिडकीतून मासे धुतलेलं पाणी फेकताना तिचा हात थांबला. काबरीने मान वाकडी केली, एक डोळा आभाळात लावला आणि घशातून कर्रर्र केलं. स्टॅनीची दुर्बीण तिच्या डोळ्यामागोमाग तिकडेच वळली. "शिक्रा!" तो ओरडला. चिकूवरून खरंच शिक्रा गेला. थोड्या वेळाने काबरी कुंपणाकडे बघून वेगळ्याच सुरात ओरडली. "मुंगूस!" स्टॅनी म्हणाला. होतंच मुंगूस.

क्लेमेंटीन रिकामं पातेलं धरून तशीच उभी राहिली. त्या दिवशी तिने सुरी घासली नाही.

सोमवारी दिवेलागणीला तिने काबरीला गुपचूप उचललं, पडवीत बांबूच्या डालग्याखाली ठेवलं आणि वर गोणपाट टाकलं.

मंगळवारी सकाळी स्टॅनी हसत हसत आत आला. "घे, काबरीचं! अजून गरम आहे."

गरम असणारच. खिशातून आलं होतं.

"शाबास तिची," क्लेमेंटीन म्हणाली. "चल, आज मलाही दाखव तुझे पक्षी."

दोघं मागच्या दारी बसली. बाकीच्या कोंबड्या पाचोळा उकरत होत्या. कर्रर्र काही आलं नाही.

"काबरी कुठे गेली गं?"

"असेल इथेच. बघ की. घारीची नजर ना?"

स्टॅनीने दुर्बीण डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. शेवटी ती माडावर येऊन थांबली.

"शिक्रा! बघ कसा पंख पसरून बसलाय!"

माडावर संक्रांतीचा फाटका पतंग अडकला होता.

क्लेमेंटीन हसता हसता थांबली. ती उठली, पडवीत गेली, डालगं उचललं. काबरीने पंख झटकले आणि तडक स्टॅनीच्या पायाशी येऊन बसली.

"रात्रभर या डालग्याखाली होती ही," क्लेमेंटीन म्हणाली. "मग खुराड्यात अंडं कोणी घातलं? तू?"

तिने अंडं त्याच्या तळहातावर ठेवलं.

"रंग सांग याचा."

"रंग काय... नेहमीचाच. चहाचा."

अंडं पांढरंफटक होतं. पहिल्या दिवसापासून रोजचं अंडं पांढरंफटकच होतं.

"गावठी म्हणून दुकानदार तुझ्या गळ्यात पांढरी मारतोय," ती म्हणाली. "काय म्हणाला होता तो डॉक्टर? खरं सांग."

स्टॅनीने काबरीच्या पाठीवरून हात फिरवला. "मोतीबिंदू," तो पुटपुटला. "दोन्हीकडे. ऑपरेशन म्हणाला. मला भीती वाटते गं. ही दाखवायची म्हणून भागत होतं."

क्लेमेंटीनने पदर कमरेला खोचला.

"ऐक, ज्युलीच्या बापा. माझी बोललेली गोष्ट फिरत नाही. सुरी चालणार म्हटलं ना, ती चालणारच. फक्त काबरीच्या मानेवर नाही, तुझ्या डोळ्यांवर. ऊठ, शर्ट घाल!"