जिथली वस्तू तिथे

आमच्या सामायिक कार्यशाळेसाठी ही शेवटचीच जागा बघायची उरली होती. तीही नाकारली, तर पोरांना शिकवायचं कुठे, हा प्रश्न होता. नातीला आणि वायरमनला घेऊन मी तळघरात उतरलो.

भरदुपारी दिवा लावावा लागला. समोरच्या भिंतीवर काळ्या रंगाने अवजारांचे आकार रेखले होते. आमचीही हीच पद्धत. आकार रिकामा दिसला, की तिथली वस्तू परत यायची राहिली, असं समजायचं.

"आपल्यासारखंच खुळं कुणीतरी होतं म्हणायचं," वायरमन हसला. त्याने पिशवीतला आमचा हातोडा सहज एका आकारावर धरला.

आमच्या हातोड्याचं खिळे उपटायचं एक शिंग मोडलेलं आहे. भिंतीवरच्याचंही मोडलेलं होतं.

मग पक्कड बसली. माझा वाकडा पेचकसही बसला. वायरमनचं हसू मावळलं.

"नको ही जागा," मी म्हणालो. "चल गं छकुले."

नात कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्या दोन्ही वेण्यांभोवतून काळी रेघ गेली होती, जुनी, पोपडे धरलेली.

"छकुले, इकडे ये."

"असं काय हो आजोबा," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत ना, जिथली वस्तू तिथेच राहू द्यायची?"