आंब्यावरची पांढरी खार

मुखिया चुआनने पिंजऱ्यात पिकलं केळं ठेवलं आणि पिंजरा आंब्याच्या खालच्या फांदीला अडकवला. म्हातारा जरून शिडी धरून उभा होता.

"जरूनकाका, आता काळजी नको," मुखिया म्हणाला. "एकदा आत शिरली की पिंजरा इथंच तुमच्या अंगणात टांगू. मग कुठं जाते पळून? गावोगावची माणसं येतील. तुमचं अंगण कधी रिकामं राहायचं नाही."

जरूनने मान हलवली. बायको गेल्यापासून या घराकडे कुणी फिरकत नव्हतं. गेल्या महिन्यात आंब्यावर ही पांढरीशुभ्र खार दिसली आणि चटया कमी पडू लागल्या. लोक येत, उदबत्ती लावत, बुंध्याला पावडर चोळून त्यात लॉटरीचे आकडे शोधत. आकडे मिळोत न मिळोत, नंतर गप्पा मारत बसत. जरून सगळ्यांना पाणी द्यायचा, शिळ्या गोष्टी पुन्हा सांगायचा.

थोड्या वेळाने खार केळ्यासाठी आत शिरली आणि खटका पडला. अंगणात जमलेल्या लोकांनी हात जोडले.

खार आत सैरावैरा धावत होती. तारांवर आदळत होती, पुन्हा उठून आदळत होती. तिच्या पांढऱ्या नाकावर रक्ताचा ठिपका उमटला.

जरून शिडी चढला. कुणाला काही कळायच्या आत त्याने पिंजऱ्याचं दार उघडलं. खार शेंड्याकडे पळाली.

"काका, डोकं फिरलं का तुमचं?" दुकानवाली वानपेन ओरडली.

"शुभबिभ काही नाही ती," जरून खाली येत म्हणाला. "माझ्या जन्मगावी, शीचांग बेटावर, सगळ्या अशाच. तिथं तांबडी खार दिसली तर लोक थांबून बघतात. डोळे बघितलेत ना तिचे? काळेभोर. रोगाने पांढरी पडली असती तर लाल असते. रोग नाही, दैवी नाही. जातच तशी. कुणीतरी पाळायला आणली असेल, सुटली."

मुखियाने शीचांगच्या होडीवर काम करणाऱ्या भाच्याला फोन लावला. पलीकडून आधी हसणं ऐकू आलं.

"मामा, पांढऱ्या खारीला नमस्कार करताय? इथं त्या आमचे आंबे खातात!"

कुणीतरी खाकरलं. एकाने उदबत्ती मातीत विझवली.

"तुम्हाला ठाऊक होतं तर महिनाभर तोंडाला कुलूप कशाला?" वानपेनने विचारलं.

"तुम्ही येत होतात ना," जरून म्हणाला.

वानपेनने पिशवी उचलली. "दुकान उघडं टाकून आलेय," म्हणाली आणि निघाली. तिच्यामागून बाकीचेही पांगले. मुखियाने पिंजरा काढून मोटारसायकलला बांधला. जाताना त्याने जरूनकडे बघितलं नाही.

जरून एकटाच चटईवर टेकला. ऊन कलतं झालं. बऱ्याच वेळाने पांढरी खार बुंध्यावरून उतरली. तिच्यामागून एक तांबडी. दोघी पिंजऱ्यातून खाली सांडलेल्या केळ्याशी आल्या, त्याच्यापासून हातभर अंतरावर, आणि खाऊ लागल्या.

जरूनच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. त्याने पाय हलवला नाही.