सावळाचं पथ्य

सावळा धनगराची मान लहानपणापासूनच झटके खायची. मुळशीला धरणाचं पाणी अडलं त्या साली मात्र ती घडीघडीला उडू लागली आणि नरड्यातून भुंकल्यासारखा आवाज निघू लागला. शेवटी सासरा बाजी माले गावाहून आला आणि आपल्या लेकीला, तुकाला, माहेरी घेऊन गेला. "जावई बरा झाला की पोर धाडतो," एवढंच म्हणाला.

लोक सांगत होते, भूतबाधा हाय, भगताकडून झोडून काढा. पण सावळाच्या आईनं, सारजाबाईनं, लेकाच्या अंगाला कुणाला हात लावू दिला नाही. पौडच्या वैद्याचं पथ्य तिनं जिवापाड सांभाळलं. मीठ बंद, तिखट बंद, मटण बंद. सकाळी ब्राह्मीचा रस आणि दिवसातून एकदा वाटीभर अळणी पेज.

चाळिसाव्या दिवशी बाजी बघायला आला. सावळा घोंगडीवर गप बसून होता. दुपारभर त्याची मान हलली नाही की आवाज फुटला नाही.

"लई गुण आला की वो!" बाजी खुशीत म्हणाला. "बुधवारी तुकाला आणून सोडतो."

तो वाटेला लागताच सारजाबाईनं डोळे पुसत मटणाचा रस्सा आणि भाकरी लेकापुढं ठेवली. "सुटलास रं बाबा. खा आता पोटभर."

सावळानं ताट हळूच मागं सारलं.

"मान उडवायची वढ आतून तशीच हाय, आये. झटकायला अंगात जोरच उरला न्हाई. जेवलो, तर तुका पुन्यांदा माघारी जाईल."