वाळूतली भावकी

पाटोद्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेच्या दाराशी गहिनीनाथांनी वहाणा काढल्या. खांद्यावरची घोंगडी सावरली आणि आत न येताच म्हणाले, "बाई, तुमी निरोप धाडला म्हणून आलो. पण पोरगी रत्नागिरीला शिकाया जाणार न्हाई. तिथं आपलं कोण हाय?"

वनमाला मॅडमनी वाद घातला नाही. "नका पाठवू. पण आलाच आहात, तर ती काय शिकायला जाणार होती ते बघून जा."

धनश्रीनं वडिलांना स्टुलावर बसवलं. सूक्ष्मदर्शकात त्यांना आधी नुसता काळोख दिसला. तिनं चाकी फिरवली. उजेडात काचपट्टीवर रंगवून ठेवलेला एक मेलेला, गुलाबी जीव उमटला. दोन्ही टोकांना निमुळता, अंगावर बाणाच्या टोकांसारख्या रेघा.

"मासळी हाय व्हय?"

"न्हाई आबा. पण माशाच्या भावकीतलं हाय. आपल्या बी. समुद्राच्या वाळूत सोताला गाडून घेतं, तोंड तेवढं वर."

"आपल्या भावकीतलं?" गहिनीनाथांनी डोळा काढला नाही. "याच्यात हाडकं कुठं हायेत?"

"एक बी न्हाई. पाठीतून लांब दोरी गेलीय, ती बगा. तिच्या जोरावर वाळूत घुसतं, पवतं. आपण आईच्या पोटात असतो तवा आपल्याला बी आदी अशीच दोरी असती. मणके मागून येतात, तिच्याभवती."

"कोकराला?"

"कोकराला बी."

मेंढी विकत घेताना गहिनीनाथ आधी तिच्या पाठीवरून हात फिरवत. दात मागून बघत. आता त्यांची बोटं टेबलाच्या कडेवरून तशीच सावकाश सरकत गेली.

"केवढा असतो ह्यो जीव?"

"हे पिल्लू हाय. वाढलं की एवढं." धनश्रीनं करंगळी पुढं केली.

"एवढासा," ते म्हणाले, "आन पाठ धरून हाय." बाहेर तास संपल्याची घंटा झाली, पोरं जिन्यावरून उतरली, तरी ते वाकलेलेच होते.

शेवटी उठले. डोळा चोळला. धनश्री चाकीवर हात ठेवून उभी होती. तिच्याकडं न बघता त्यांनी मॅडमना विचारलं,

"बाई, मांजरसुंब्याहून रत्नागिरीला सरळ गाडी हाय का, का बदलावी लागती?"

"चौकशी करते," मॅडम म्हणाल्या.

"करा. दोन जागा लागतील. जितं बगायचंय मला हे."