होडीचा फोन

दुपारच्या चहाला ऋजुताचा फोन वाजला. "मी 'होडी' बोलतेय. एक खेळाडू चाळीस मिनिटं नदीच्या मधोमध थांबलाय. त्याला आता जगायचं नाहीये. तुमचं नाव घेतलं की त्याची नाडी ठिकाणावर येते. त्याच्याशी बोला."

'होडी' हा खेळ तिनेच बनवला होता. मनावरचं ओझं होडीत घालून पैलतीरी न्यायचं. मनगटावरच्या पट्ट्यातून खेळाला माणसाचं मन कळायचं, आणि वेळ आलीच तर तो त्याच्या जिवाभावाच्या माणसाला फोन लावायचा. असे दोनशे फोन गेले होते, पण तिला कधी आला नव्हता.

पडद्यावर नाव उमटलं: अनंतबुवा देवस्थळे.

"दानिश, काहीतरी चुकलंय," ती शेजारच्या सहकाऱ्याला म्हणाली. "हे माझे बाबा आहेत. परवाच कीर्तनात त्यांनी अख्खं देऊळ हसवलं. माझ्या खेळाला तर ते मनाचा भोंडला म्हणतात."

"चार महिने रोज खेळतायत," दानिश खेळातली नोंद बघून हळूच म्हणाला आणि बुवांच्या शेजाऱ्यांना फोन लावू लागला.

अशा वेळी बोलायची वाक्यं तिनेच लिहिली होती, त्यातलं एकही आठवेना.

"बाबा?"

पलीकडे नुसता श्वास.

कीर्तनात बुवांचा दम तुटला, की मागचा झीलकरी पद खाली पडू देत नाही. लहानपणी त्यांच्या मागे झांज घेऊन तीच उभी राहायची. भर ऑफिसात तिने विठ्ठलनामाचा गजर धरला. एकदा, दोनदा, किती वेळा कोण जाणे.

"ऋजू," खरखरीत आवाज आला, "फार वरची पट्टी धरलीस गं. जरा खाली घे."